एक ‘नाही’, पण वेळेवर

गेल्या महिन्यात एका रविवारी पुतण्या घरी आला होता. चहा झाला, सोयाबीनच्या भावाचं रडगाणं झालं, गावाकडच्या बातम्या झाल्या. या सगळ्या गप्पांमध्ये त्याचा मोबाईल चार वेळा वाजला. चारही वेळा त्याने नुसतं बघितलं आणि फोन पालथा घालून ठेवला. पाचव्यांदा वाजला तेव्हा मला राहवेना.

"कोणाचा आहे रे? उचल ना."

"बँकवाल्यांचा आहे काका. अकोल्याच्या."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन महिन्यांपूर्वी एका खासगी बँकेत मुलाखत दिली होती. निवड झाली. येत्या एक तारखेला रुजू व्हा म्हणून सांगितलं होतं आणि यानेही ‘हो’ म्हटलं होतं. मधल्या काळात एका सरकारी खात्याचा नियुक्ती आदेश हातात पडला. घरात पेढे वाटून झाले. आता बँकेत जायचा प्रश्नच नव्हता.

"मग त्यांना कळवलंस का?"

"काय कळवू? नाही गेलो का समजून जातीन ना ते."

समजून जातीन! हे ऐकलं आणि माझ्या घशात चहा अडकला. वीस वर्षांपूर्वी हेच वाक्य मी ऐकलंही आहे आणि मनातल्या मनात म्हटलंही आहे. त्यामुळे त्या दिवशी मी पुतण्याला जरा लांबलचक प्रवचन दिलं. त्यातलं जे लिहिण्यासारखं आहे ते लिहितो. पण प्रवचनाचा अधिकार मला नाही, हेही पुढे कळेलच.

वाशिम जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. त्याआधी आम्ही अकोला जिल्ह्यात. मोठं काही काम निघालं की अकोल्याची एसटी धरायची. जिल्हा झाला तेव्हा मी कॉलेजात होतो आणि आमच्यासारख्या बी. कॉम. करणाऱ्या पोरांना वाटलं, आता काय, नवीन जिल्हा म्हणजे नवीन ऑफिसं, नवीन ऑफिसं म्हणजे नवीन टेबलं आणि टेबल म्हटलं की मागे खुर्ची आलीच. त्यातली एक आपली! तसं काही झपाट्याने झालं नाही. पण २००३ साली एका कार्यालयाची कनिष्ठ लिपिकाची जाहिरात निघाली. कार्यालयाचं नाव सांगत नाही, त्याने काही फरकही पडत नाही. परीक्षा दिली. यादी लागली. निवड यादीत माझं नाव नव्हतं. त्याच्या खाली प्रतीक्षा यादी होती, त्यात पहिला नंबर माझा.

प्रतीक्षा यादीतला पहिला नंबर ही काय चीज असते हे ज्याने भोगलं त्यालाच माहीत. नापास झालेला माणूस दोन दिवस रडतो आणि पुढच्या फॉर्मच्या मागे लागतो. पास झालेला पेढे वाटतो. पहिल्या नंबरवर वाट बघणाऱ्याला यातलं काहीच करता येत नाही. गावात लोक म्हणत, लागल्यासारखाच आहे! बाबांनी दोन-चार नातेवाइकांना सांगूनही टाकलं. मी दुसरीकडे अर्ज करणं जवळजवळ थांबवलं, कारण इथलं होणारच होतं.

दर पंधरा दिवसांनी मी एसटीने वाशिमला जायचो. स्टँडवरून चालत पाटणी चौक, तिथून पुढे ऑफिस. आस्थापना शाखेतले साहेब चांगले होते, तोडून बोलायचे नाहीत. म्हणायचे, "निवड यादीतला एक जण अजून रुजू झाला नाही. पण त्याने नकारही दिलेला नाही. पत्र पाठवलं आहे." पुढच्या खेपेला, "स्मरणपत्र पाठवलं आहे." त्याच्या पुढच्या खेपेला, "साहेबांकडे फाईल ठेवली आहे." त्या माणसाने ‘मी येत नाही’ असं चार ओळींत लिहून दिलं असतं तर ती जागा मला मिळाली असती. ऑफिसनेही मुदत संपल्यावर त्याची नियुक्ती रद्द करायला हवी होती, ती त्यांची चूक. पण ऑफिसला कारण हवं असतं, कागद हवा असतो. कागद आलाच नाही. यादीची मुदत एक वर्षाची होती. वर्ष संपलं. यादी संपली. पुढच्या खेपेला साहेबांनी मला चहा पाजला, यावरूनच मी काय ते समजलो.

आता इथपर्यंत वाचून तुम्हाला माझी दया आली असेल तर जरा थांबा.

२००५ च्या फेब्रुवारीत अकोल्याच्या एका दालमिलमध्ये मला हिशेबाच्या कामासाठी बोलावलं. मिलचे मालक, सगळे त्यांना शेठजी म्हणत, वयस्कर होते. त्यांनी माझ्याकडून एक ताळा जुळवून घेतला आणि म्हणाले, सोमवारपासून या. मार्च तोंडावर आहे, वर्षअखेरीच्या आत वह्या पूर्ण करायच्या आहेत. मी ‘हो’ म्हटलं. त्यांनी माझ्यासमोरच दुसऱ्या एका उमेदवाराला निरोप पाठवला की जागा भरली.

आणि शनिवारी पुण्याहून मित्राचा निरोप आला. तिथल्या एका कंपनीत जागा होती, पगार दुप्पट. मी रविवारी रात्री पुण्याच्या गाडीत बसलो.

दालमिलला कळवलं नाही. का नाही कळवलं? खरं सांगायचं तर लाज वाटली. ज्या माणसाने विश्वासाने जागा दिली त्याला तिसऱ्या दिवशी ‘नाही’ कसं म्हणायचं? मग मी स्वतःची समजूत घातली की सोमवारी गेलो नाही की ते समजतील. आमच्या घरी तेव्हा फोन नव्हता, शेजारच्या काकूंकडे होता आणि अर्जात मी तोच नंबर दिला होता. मंगळवारी शेठजींचा फोन आला. आईला बोलावलं. मी आधीच सांगून ठेवलं होतं की मी गावाला गेलो आहे असं सांग. आईने सांगितलं. गुरुवारी पुन्हा आला. पुढच्या आठवड्यात पुन्हा. शेवटी मी पुण्याहून फोन केला तेव्हा आई म्हणाली, "तो माणूस माही खुशाली इचारते, अन् मी त्याले खोटं सांगतो. मले आता खोटं बोलाले लावू नको बापू."

तरीही मी फोन केला नाही. दोन आठवडे त्या माणसाने माझी खुर्ची रिकामी ठेवली. मार्चच्या तोंडावर. आणि ज्या दुसऱ्या पोराला जागा भरली म्हणून सांगितलं होतं, तो त्या दोन आठवड्यांत कुठे गेला असेल देव जाणे. म्हणजे मी ज्या जागी वर्षभर तडफडत बसलो होतो, बरोबर त्याच जागी मी दुसऱ्या कोणाला तरी नेऊन बसवलं. तेही सगळं भोगून झाल्यावर! अनुभवाने माणूस शहाणा होतो म्हणतात. माझ्या बाबतीत तसं काही घडल्याचा पुरावा नाही.

पुढे २००७ साली कारंज्याला एका लग्नात मला तो भेटला. तो म्हणजे निवड यादीतला, रुजू न झालेला. कोणीतरी ओळख करून दिली, बोलता बोलता धागे जुळले. तो तेव्हाच दुसऱ्या जिल्ह्यात शिक्षक म्हणून लागला होता. माणूस सज्जन. मी कोण ते कळल्यावर त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "मला खरंच वाटलं हो, मी गेलो नाही की ते समजतील आणि पुढच्याला बोलावतील." दोन वर्षं मी या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. समोर आला तेव्हा एकही देता आली नाही. दालमिल आठवली. आम्ही दोघं एका पंगतीला बसून जेवलो.

शेठजींना मात्र सांगायचं राहिलं ते राहिलंच. पुढे कधीतरी कळलं की ते गेले.

असो. माझी कबुली संपली, आता मुद्द्याकडे येतो. आपण ‘नाही’ का म्हणत नाही?

मला वाटतं, आपल्या भाषेलाच ‘नाही’चं वावडं आहे. निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. दुकान बंद करत नाही, वाढवतो. बांगडी फुटली तरी ती वाढते. दिवा विझवत नाही, मालवतो. कामावरून काढून टाकलं तरी हातात नारळ देतात! मालकाने नोकराला काढायचं तर त्याला नारळ आहे. पण नोकराला, म्हणजे होऊ घातलेल्या नोकराला, अदबीने मागे फिरायचं असेल तर त्यासाठी आपल्याकडे काय आहे? काहीच नाही. ‘बघतो’, ‘कळवतो’ आणि त्यानंतर फोन पालथा.

शाळेत आठवा. मराठीच्या पेपरात पत्रलेखन असायचं. विनंतीपत्र, मागणीपत्र, तक्रारपत्र, अभिनंदनपत्र. नोकरीसाठी अर्ज तर हमखास. ‘अर्ज मागे घेत आहे’ असं पत्र कोणी कधी लिहून घेतलं? मागायचं कसं हे शिकवलं, मिळालेलं नम्रपणे परत कसं करायचं हे कोणी शिकवलं नाही.

एक जागा मात्र अशी आहे जिथे आपण नकाराची रीत बसवली आहे. ती म्हणजे लग्न जुळवणं. ‘पत्रिका जुळत नाही’ हे तीन शब्द म्हणजे मराठी माणसाने लावलेला फार मोठा शोध आहे. मुलगी आवडली नाही, हुंडा कमी वाटला, मुलाचं दुसरीकडे मन आहे, काहीही असो, निरोप एकच. कोणाचा अपमान नाही, कोणाला जाब नाही. खोटं असेल, पण निरोप तरी जातो! मुलीच्या बापाला पुढचं स्थळ बघायला मोकळीक मिळते. माझी आत्या स्थळं जुळवायची. ती मुलाकडच्यांना बजावून सांगायची, "हो म्हणा का नाही म्हणा, पण आठ दिवसात सांगा. पोरीच्या बापाले ताटकळत ठेवू नका." आणि जे कळवायचे नाहीत त्यांच्याकडे ती पुन्हा स्थळ नेत नसे. नोकरीच्या बाजारात माझ्या आत्यासारखं कोणी नाही, एवढीच काय ती अडचण.

आता दुसरी बाजू. पुतण्याने ती मांडली आणि ती मला उडवून लावता आली नाही. तो म्हणाला, "काका, आदेश आला तरी भरवसा काय? उद्या कोर्टात कोणी गेलं, स्थगिती आली तर? बँकही गेली अन् हेही गेलं." हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये, ही म्हण त्यालाही ठाऊक आहे. आणि त्याची भीती खोटी नाही. मार्च २०१९ मध्ये जिल्हा परिषदांच्या तेरा हजारांहून जास्त जागांची जाहिरात निघाली होती. पोरांनी पैसे भरून अर्ज केले, वर्षानुवर्षं परीक्षेची वाट बघितली आणि शेवटी ती भरतीच रद्द झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये आरोग्य विभागाच्या गट क आणि गट ड च्या परीक्षा झाल्या, पेपर फुटल्याचं निघालं आणि त्याही पुढे रद्द कराव्या लागल्या. हे सगळं या पोरांच्या डोळ्यादेखत झालं आहे. पहाटे मैदानावर पोलीस भरतीसाठी धावणारी आणि दिवसभर अभ्यासिकेत मान मोडून बसणारी ही पिढी दोन दगडांवर पाय ठेवून उभी असेल तर तिला बेइमान म्हणायला माझी जीभ रेटत नाही. एका दगडावर विश्वास ठेवावा असे दगडच आपण त्यांना दिले नाहीत.

म्हणून माझं म्हणणं असं अजिबात नाही की दुसरीकडे आशा लागली की पहिल्याला लगेच ‘नाही’ सांगून मोकळं व्हा. पक्का कागद हातात येईपर्यंत थांबा, जरूर थांबा. पण थांबणं वेगळं आणि गप्प बसणं वेगळं. ‘मला आणखी आठ दिवस द्याल का?’ हे विचारता येतं. समोरचा देईल किंवा देणार नाही. ‘नाही देत’ म्हणाला तर निर्णय तुमचा. पण त्याला निदान माहीत असेल की तो कशात आहे. गप्प बसलेल्या उमेदवाराने आपली जोखीम उचललेलीच नसते, ती त्याने दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवलेली असते. बँकेच्या आणि त्याहून जास्त पुढच्या नंबरच्या.

हा पुढचा नंबर म्हणजे काय असतो ते जरा आकड्यात बघा. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज आले दहा लाखांच्या वर. म्हणजे एका जागेमागे दोनशेहून जास्त. खुल्या प्रवर्गाला हजार रुपये फी, राखीवला नऊशे. वाशिमसारख्या जिल्ह्यात, जिथे पावसाच्या भरवशावर सोयाबीन आणि तूर, कारखाने नावाला आणि २०१८ साली नीती आयोगाने ज्याला आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातलं, तिथे एका जागेची किंमत काय असते ते सांगायला नको. अशा ठिकाणी न वापरलेली जागा अडवून ठेवणं म्हणजे एसटीत सीटवर रुमाल टाकून दुसऱ्या गाडीने निघून जाण्यासारखं आहे. गाडी भरून चालली आहे, म्हातारी उभी आहे आणि सीटवर रुमाल!

राज्य लोकसेवा आयोगाला हे उमगलं, याचं मला कौतुक वाटतं. आधी व्हायचं असं की आधीच चांगल्या पदावर असलेला किंवा दुसऱ्या यादीतही निवडलेला उमेदवार इथेही निवडला जायचा, रुजू व्हायचा नाही आणि खालचा हात चोळत बसायचा. गेली काही वर्षं आयोग अंतिम निकालाआधी तात्पुरती यादी लावतो आणि उमेदवारांना विचारतो, तुम्हाला यातून बाहेर पडायचं आहे का? साधारण आठवडाभर ऑनलाईन खिडकी उघडी असते. पोरं त्याला ‘ऑप्टिंग आऊट’ म्हणतात. ज्याला नको आहे तो बाहेर पडतो, खालचा वर सरकतो, मग अंतिम यादी. कोणाला तोंड दाखवायचं नाही, कोणाची माफी मागायची नाही. लाजेचा प्रश्नच काढून टाकला! माझ्यासारख्या भित्र्या माणसासाठी २००५ साली अशी एखादी खिडकी दालमिलला असती तर काय हवं होतं.

हीच सोय जिल्हा पातळीवरच्या प्रत्येक भरतीत का असू नये? आदेश काढण्याआधी निवड झालेल्यांना एक साधा प्रश्न विचारायचा आणि आठ दिवसांची मुदत द्यायची. आणि मुदतीत जो रुजू होत नाही आणि कळवतही नाही, त्याची नियुक्ती ठरल्या दिवशी रद्द करून दुसऱ्या दिवशी पुढच्याला पत्र. स्मरणपत्रांचा खेळ नको.

पण सगळा शहाणपणा उमेदवारालाच का शिकवायचा, असंही कोणी म्हणेल. बरोबर आहे. खासगी कंपन्या, संस्था, दुकानदार मुलाखत घेतात, ‘कळवतो’ म्हणतात आणि मग त्यांचंही तोंड शिवलेलं. पोरगं महिनाभर फोन छातीशी धरून झोपतं. ‘तुमची निवड झालेली नाही’ एवढा एक मेसेज टाकायला काय लागतं? जे स्वतः कळवत नाहीत त्यांना दुसऱ्याने कळवलं नाही म्हणून रागावायचा अधिकार नाही. मात्र त्यांनी नाही कळवलं म्हणून आपणही नाही कळवायचं, हा न्याय मला पटत नाही. कारण आपल्या गप्प बसण्याचा चटका त्या कंपनीला बसतच नाही, पुढच्या नंबरला बसतो. आणि त्याने आपलं काय घोडं मारलंय?

नकार नीट कसा द्यावा याचे दोन नमुने मला फार आवडतात. एक आपल्या घरचा. गोपाळ गणेश आगरकर मॅट्रिक झाले ते अकोल्यात, १८७५ साली, म्हणजे एका अर्थी आमच्या जुन्या जिल्ह्याचेच. पुढे पुण्याला शिकत असताना त्यांनी आईला एक पत्र लिहिलं होतं, बऱ्याच जणांनी शाळेत ते वाचलेलं असतं. मुलगा मोठमोठ्या परीक्षा देतो आहे म्हणजे आता मोठ्या पगाराची नोकरी लागणार, आपले पांग फिटणार, ही आईची आशा होती. आगरकरांनी तिला आधीच कळवून टाकलं की तशी आशा धरू नकोस, मी पोटापुरतं मिळवून बाकी वेळ लोकांच्या कामाला देणार आहे. मला त्यात त्यागापेक्षा जास्त मोठी वाटते ती वेळ. जी वाट बघत होती तिला त्यांनी वाट बघू दिली नाही. अजून नोकरी समोर आलेलीही नव्हती आणि नकार कळवून झाला होता.

दुसरा नमुना सुभाषचंद्र बोसांचा. आय. सी. एस. च्या परीक्षेत चौथे आले होते. २२ एप्रिल १९२१ ला त्यांनी केंब्रिजहून भारतमंत्री माँटेग्यूंना पत्र लिहिलं. त्या काळातली सगळ्यात मोठी नोकरी सोडायची, तीही इंग्रज सरकारची. माणूस चार पानं भाषण ठोकेल. पण पत्र अगदी छोटं आहे. उमेदवारांच्या यादीतून माझं नाव काढावं. ऑगस्ट १९२० च्या स्पर्धा परीक्षेतून माझी निवड झाली होती. आतापर्यंत १०० पौंड भत्ता घेतला आहे, राजीनामा मंजूर होताच तो परत करतो. बस्स. ज्या सरकारशी पुढे जन्मभर भांडायचं होतं, त्याच्याशीसुद्धा हिशेब चोख. मी हिशेबाचा माणूस असल्यामुळे असेल, मला त्या १०० पौंडांचं फार अप्रूप वाटतं.

आपल्याला काही इंग्रज सरकार सोडायचं नसतं. आपलं पत्र तर आणखी सोपं. पुतण्याला मी जे लिहून दिलं ते असं:

‘महोदय, आपल्या शाखेतील पदासाठी माझी निवड केल्याबद्दल मनापासून आभार. मला दुसरीकडे नियुक्ती मिळाली असल्यामुळे मी या पदावर रुजू होऊ शकत नाही. कृपया माझी उमेदवारी मागे घेतल्याची नोंद घ्यावी, म्हणजे पुढील उमेदवारास संधी देता येईल. कळवण्यास उशीर झाला व आपली गैरसोय झाली, याबद्दल दिलगीर आहे.’

यापेक्षा जास्त काही लागत नाही. पगार कमी होता, ऑफिस लांब होतं, साहेब कडक वाटले, हे कोणी विचारलं नसेल तर सांगू नये. आजीला बरं नाही वगैरे तर मुळीच लिहू नये. वाशिम आणि अकोला एवढे जवळ आहेत की आजी महिनाभरात कोणत्या तरी लग्नात दिसणारच. मूळ कागदपत्रं त्यांच्याकडे असतील तर ती कधी घ्यायला येऊ, हे त्याच पत्रात विचारावं. आणि आधी फोन करावा, मग पत्र किंवा मेल. फोन यासाठी की त्यांना लगेच कळावं. लेखी यासाठी की कागद लागतो. कागद नसला की काय होतं ते मी वर्षभर बघितलं आहे.

हे सगळं ऐकून पुतण्या म्हणाला, "तुम्हीच बोला ना काका." म्हटलं, नाही. मी एकदा आईला बोलायला लावलं होतं, आता तुझ्यासाठी मी बोलणार नाही.

तो उठून ओट्यावर गेला. आम्हाला आतून ऐकू येत होतं. "सर, मी... हो सर, तुमचे फोन आले होते... नाही सर, मी नाही येऊ शकत..." पलीकडचे साहेब काही खूष झालेले दिसले नाहीत. पंधरा दिवस आधी सांगायला काय झालं होतं, असं काहीतरी बोलले असावेत, कारण हा तीन-चार वेळा "सॉरी सर" म्हणाला. मग "हो सर, आत्ताच मेल टाकतो." एवढंच. मी घड्याळ बघितलं नाही, पण दोन मिनिटांच्या वर काही ते बोलणं चाललं नसेल. ज्याच्यासाठी त्याने आठ दिवस फोन पालथा घातला होता ते हे.

आत आला तेव्हा चेहरा पडलेला होता. बोलणी बसली की पडतोच. मी म्हटलं, उशिराचं व्याज समज, मुद्दल तर फिटलं.

आई कोपऱ्यात खाटेवर बसून सगळं ऐकत होती. आता तिला कमी ऐकू येतं असं आम्हाला वाटतं. पण नको ते तिला बरोबर ऐकू येतं. एकदा माझ्याकडे बघितलं, काही बोलली नाही. मग नातवाला म्हणाली, "झालं ना बोलून? मंग आता सुखानं जेव."